हात टेकल्यावर

‘हात टेकणे’ म्हणजे हार मानणे, हा अर्थ मी चौथीच्या परीक्षेत लिहून एक गुण मिळवला होता. त्या वाक्प्रचाराला अस्थिरोगशास्त्रातही मानाचे स्थान आहे, हे कळायला मात्र वयाची एकसष्ट वर्षे आणि श्रावणातली एक ओली सकाळ खर्ची पडली.

साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत शेजारच्या मास्तरांची जास्वंद आहे. तिची एक फांदी कुंपणाबाहेर झुकते आणि माझ्या मते ती त्या क्षणापासून सार्वजनिक होते. देवासाठी तोडलेल्या फुलांना चोरी म्हणू नये, अशी आपल्याकडे सर्वत्र समजूत आहे; ती फक्त ज्यांची फुले असतात त्यांना मान्य नसते. तर पहाटे साडेपाचला छत्रीच्या मुठीने फांदी वाकवून सात फुले पिशवीत टाकली, समाधानाने वळलो, आणि फरसबंदीवरच्या शेवाळाने माझे दोन्ही पाय एकाच वेळी काढून घेतले. डाव्या हाताने फुलांची पिशवी सोडली नाही. उजव्या हाताने छत्री सोडली आणि जमीन धरली. अठ्ठ्याहत्तर किलोंचा सगळा ऐवज एका पसरलेल्या तळव्यावर आला आणि आतून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

धावत आले ते मास्तरच. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग पिशवीकडे पाहिले, आणि ‘सात का?’ एवढेच विचारले. मात्र पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी जे केले ते चाळीस वर्षे स्काउट शिकवलेल्या माणसालाच सुचावे. सूज चढण्याआधी बोटातली अंगठी काढून घेतली, कालच्या वर्तमानपत्राची जाड घडी हाताखाली ठेवून वरून स्वतःचे उपरणे गुंडाळले, आणि रिक्षा बोलावली. मनगट मागच्या बाजूने असे उचलले गेले होते, की बाजूने पाहिले असता तो हात नसून जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवलेला काटा आहे असे वाटावे.

ही उपमा माझी नाही. वैद्यकाच्या पुस्तकांतही या मोडीचे वर्णन असेच करतात, असे डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून सांगितले. अंगठ्याच्या बाजूचे जे हाड कोपरापासून मनगटापर्यंत येते, त्याचे मनगटाजवळचे टोक मोडून मागे सरकले होते. याला कॉलिसचे फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यविशारदाने 1814 मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 81 वर्षे आधी, निव्वळ हात चाचपून. त्याच लेखात त्याने असा दिलासाही दिला आहे, की पुढे केव्हातरी, दूरच्या काळी, हा हात पूर्वीसारखा मोकळा हलू लागेल आणि दुखणार नाही. डॉक्टरांनी हे हसत सांगितले आणि मीही हसलो, कारण ‘दूरच्या काळी’ या शब्दांकडे माझे तेव्हा लक्ष गेले नव्हते.

सांध्याच्या आतल्या पृष्ठभागाला चीर नव्हती, म्हणून ऑपरेशन करून बसवायची धातूची पट्टी आणि स्क्रू टळले. मोडलेल्या जागी भुलीचे इंजेक्शन देऊन एका धिप्पाड मदतनिसाने माझा दंड धरला, डॉक्टरांनी अंगठा आणि बोटे धरली, आणि अनंत चतुर्दशीच्या आधीच कॉलनीतली रस्सीखेच पार पडली. त्यात दोरी मी होतो. हाड जागेवर बसले. मग ओल्या पट्ट्यांचा अर्धा साचा बसवला गेला आणि तो हळूहळू गरम होऊ लागला. भाजलेले जिप्सम पाणी पिऊन पुन्हा दगड होताना उष्णता सोडते, हे रसायन मला ठाऊक होते, कारण जुलैमध्येच कॉलनीच्या बैठकीत गणपती प्लास्टर ऑफ पॅरिसचा नको, शाडूचाच हवा, म्हणून मी तावातावाने भाषण केले होते. आता त्याच मालाची मूर्ती मी गळ्यात अडकवून घरी निघालो होतो, आणि हिचे विसर्जन दीड दिवसात नव्हे, सहा आठवड्यांनी होते. सूज उतरल्यावर आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढून पूर्ण प्लास्टर घालण्यात आले, कारण पहिल्या दोन आठवड्यांत बसवलेले हाड गुपचूप पुन्हा सरकू शकते.

निघताना डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. हात छातीच्या वर ठेवा, बोटे पहिल्या दिवसापासून हलवा, आणि खांदा दिवसातून चार वेळा पूर्ण वर न्या. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणे असह्य झाले, तर रात्री दोन वाजताही या, असेही म्हणाले. यातले चौथे मी नीट ध्यानात ठेवले, कारण ते माझ्या हातात नव्हते. पहिल्या तिन्हींना मी ‘हो हो’ म्हणालो. त्याचे व्याज पुढे चुकवावे लागले.

हाड जोडण्यासाठी माणसाला स्वतः काहीच करावे लागत नाही, ही या दुखण्यातली सर्वांत अपमानास्पद बाब आहे. मोडल्या जागी रक्त साकळते, त्यात मऊ कूर्चेचा सांधा तयार होतो, तो टणक होतो, आणि मग कित्येक महिने शरीर त्यावर रंधा मारत बसते. मालकाची सही कुठेच लागत नाही. परंतु समाचाराला येणाऱ्यांना हे पटत नाही. कुणी नाचणीचे सत्त्व आणले, कुणी डिंकाचे लाडू, कुणी कांडवेलीचा तुकडा. एका मेव्हण्यांनी तर सगळे सोडून बांबूच्या कामट्या बांधणाऱ्या एका हाडवैद्याकडे चला, असा धोशा लावला. अशा करकचून बांधलेल्या कामट्यांखाली रक्त अडून बोटे कायमची वाकडी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणून मी तेवढ्यापुरता ठाम राहिलो. लाडवांच्या बाबतीत ठाम राहिलो नाही. सहा आठवड्यांत वजन चार किलोंनी वाढले.

खरा जाच लाडवांचा नव्हता, प्रश्नाचा होता. ‘कसे हो पडलात?’ पहिल्या पाहुण्याला मी ‘सकाळी फिरायला गेलो होतो’ असे सांगितले. दुसऱ्याला ‘देवाच्या कामात’ असे सांगितले, आणि त्याने प्लास्टरला हात लावून नमस्कार केला. तिसऱ्याच्या वेळी नेमके मास्तर बसलेले होते. त्यांनी चहाचा घोट घेऊन शांतपणे ‘सात जास्वंदी’ असे म्हटले. त्यानंतर मी कारण सांगणे सोडून दिले.

डावा हात हा जन्मभर उजव्याच्या सावलीत वाढलेला धाकटा भाऊ. त्याच्यावर एकदम सगळा प्रपंच पडला. पायजम्याची नाडी एका हाताने बांधता येत नाही. वरणभात डाव्या हाताने खाताना घास तोंडाऐवजी हनुवटीला भेटतो. पण सर्वांत मोठी शोभा बँकेत झाली. चौतीस वर्षे मी ज्या बँकेच्या काउंटरवर बसून ‘सही जुळत नाही’ म्हणून लोकांचे चेक परत केले, त्याच काउंटरवर माझी डाव्या हाताची सही एका पंचविशीतल्या मुलीने दोनदा निरखली आणि तितक्याच कोरड्या आवाजात ‘काका, सही जुळत नाही’ असे सांगितले. सही करू न शकणाऱ्याने दोन साक्षीदारांसमोर अंगठा उठवावा, साक्षीदार बँकेच्या ओळखीचे असावेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, हा नियम मीच अनेकांना ऐकवलेला. मी शाईत अंगठा बुडवला. दुसरे साक्षीदार मास्तर होते; त्यांनी सही फार सुवाच्य केली.

त्या वर्षी गणपतीत टाळ्या वाजवता येईनात, म्हणून माझ्या डाव्या हातात घंटा देण्यात आली आणि ती मी आरतीच्या ठेक्याशी कोणताही संबंध न ठेवता वाजवली. तीर्थ घ्यायची वेळ आली तेव्हा उजवा तळवा प्लास्टरमध्ये जमिनीकडे तोंड करून बसलेला, आणि प्लास्टर भिजवायचे नाही. मी डावा पुढे केला. गुरुजींची पळी हवेतच थांबली, आणि शेवटी त्यांनी तीर्थ सरळ माझ्या तोंडात सोडले.

प्लास्टर कापण्याच्या करवतीचे पाते गोल फिरत नाही, नुसते थरथरते, त्यामुळे टणक प्लास्टर कापले जाते आणि कातडीला काही होत नाही. हे सांगूनही मी श्वास रोखून धरला. आतून जो हात निघाला तो मी ओळखला नाही. बारीक, केसाळ, सापाने कात टाकावी तसा सोलवटलेला, आणि बंद ट्रंकेच्या वासाचा. ‘हाड छान जुळलंय,’ डॉक्टर म्हणाले. मी आनंदाने मूठ वळवायला गेलो. वळली नाही. खांदा उचलला, कानापर्यंत येऊन अडकला. मानाने गळ्यात मिरवलेल्या झोळीने सहा आठवड्यांत आपले काम केले होते. ‘बोटं हलवत होतात ना?’ या प्रश्नाला मी एक्स-रेकडे पाहत राहिलो.

मग सुरू झाले ते फिजिओथेरपीचे पर्व. पातळ केलेल्या गरम मेणात हात बुडवायचा, मेणाचा हातमोजा चढू द्यायचा, आणि आतले सांधे जरा सैलावले की फिजिओथेरपिस्ट ताई गोड आवाजात ‘काका, थोडंसं दुखेल हं’ म्हणायची. ‘थोडंसं’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक व्यवसायात वेगळा असतो. तिने नमस्काराची मुद्रा करून जोडलेले तळवे कमरेकडे खाली आणायला लावले, टॉवेल पिळायला लावला, आणि घरी कणीक मळायला सांगितली. हे शेवटचे तिने सौभाग्यवतींच्या देखत सांगितले, ही तिची चूक होती. हात बरा होऊन महिना झाला तरी तो व्यायाम आमच्याकडे चालूच आहे.

सगळ्यांत हट्टी हालचाल निघाली तळवा आकाशाकडे वळवण्याची. साधारण ऐंशी-नव्वद अंश वळायला हवे तिथे माझे पस्तीस भरले. मी कोपर पुढे काढून, कंबर कलती करून तळवा सपाट करून दाखवला, तर तिने कोपर बरगडीला चिकटवून ‘काका, हे खांदा करतोय, मनगट नाही’ असे म्हणून चोरी पकडली. श्रावणापासून माझी ही दुसरी. तिने कोनमापक बाजूला ठेवले आणि विचारले, ‘तुम्हाला या हाताने नेमकं काय करायचंय?’ मी ‘तीर्थ घ्यायचंय’ असे म्हणालो. तेव्हापासून रोज वाटीभर पाणी घेऊन, कोपर कमरेशी धरून, तळव्यावर चमचाभर ओतायचे आणि किती ओघळते ते पाहायचे, असा व्यायाम ठरला. दिवाळीपर्यंत गालिच्याचा एक कोपरा कायम ओला होता.

कार्तिकात मास्तरांकडे सत्यनारायण होता. चौरंगावर जास्वंदी लाल गच्च. गुरुजींची पळी माझ्यासमोर आली, मी कोपर बरगडीला टेकवले, उजवा तळवा वळवला, आणि तीर्थ तळव्यात राहिले. दोन थेंब करंगळीकडून निसटले, ते मास्तरांनी पाहिले.

‘गळतंय अजून,’ ते हळूच म्हणाले, ‘पण फांदी वाकवायला पुरेल.’