शनिवारी हरलो, रविवारी कोच बदलू

अभिनंदन! मुलगी अमेरिकेत नॉक्सव्हिलला एमएस करायला गेली, किंवा तुमचीच बदली डॅलसला झाली, आणि आता तुमच्याही घरात शनिवारी विद्यापीठाच्या रंगाचा टीशर्ट घालून लंबगोल चेंडूचा फुटबॉल बघितला जातो. नियम समजायला दोन-तीन मोसम जातील, पण त्याची काळजी नको. कॉलेज फुटबॉलचा जाणकार ठरायला नियम यावे लागत नाहीत. कोच कोणाला नेमावं आणि कोणतं पोरगं कुचकामी आहे, एवढं ठामपणे सांगता आलं की झालं. भारतीय संघाच्या निवड समितीला पिढ्यान्‌पिढ्या फैलावर घेतलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

पहिलं काम म्हणजे आहे त्या कोचला काढणं. मोसमात बारा सामने असतात, ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर. पूर्वी लोक बारावा सामना होईपर्यंत थांबत. आता पुढच्या मोसमासाठी येणाऱ्या शाळकरी खेळाडूंच्या करारांवरच्या सह्या डिसेंबरच्या पहिल्याच बुधवारी सुरू होतात. त्याआधी नवा कोच हवा, म्हणजे जुना ऑक्टोबरात गेलेला बरा. २०२५ मध्ये यूसीएलए आणि व्हर्जिनिया टेक यांनी आपापले कोच १४ सप्टेंबरलाच काढले, तीन-तीन सामने हरल्यावर. पेन स्टेट मोसमाआधीच्या क्रमवारीत देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं. १२ ऑक्टोबरला त्यांचा कोच जेम्स फ्रँकलिन घरी बसला होता. तेव्हा दुसऱ्या पराभवापासून कुरकुर सुरू करा आणि तिसऱ्याला ‘संघाने कोचवरचा विश्वास गमावलाय’ म्हणा. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं कोणीही विचारत नाही.

पैशांचा विषय मात्र काढू नका. टेक्सस ए अँड एमने डिसेंबर २०१७ मध्ये नवा कोच जिंबो फिशरला दहा वर्षांचे साडेसात कोटी डॉलर दिले, सगळे हमीचे. २०२० चा मोसम चांगला गेला, त्याला दुसरं कोणी पळवेल अशी कुजबुज झाली, आणि २०२१ मध्ये करार २०३१ पर्यंत वाढवून पगारही वाढवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला काढलं, तेव्हा द्यायची रक्कम सात कोटी साठ लाख डॉलरच्या वर गेली होती. रुपयांत सहाशे कोटींहून जास्त. आणायला ठरले होते त्यापेक्षा घालवायला जास्त लागले, आणि तो मध्यंतरी सहा मोसमांचा पगारही घेऊन झाला होता. त्याने दुसरी नोकरी धरली तरी ही रक्कम कमी होणार नव्हती, कारण तसं कलमच करारात नव्हतं. पेन स्टेटच्या करारात होतं. फ्रँकलिन महिना-सव्वा महिन्यात व्हर्जिनिया टेकला गेला आणि सुमारे चार कोटी नव्वद लाख डॉलरचं देणं नव्वद लाखांवर मिटलं. हा प्रश्न सही होते त्या दिवशी विचारायचा असतो. त्या दिवशी तुम्ही नव्या कोचची टोपी बघत असता, आणि तेच योग्य आहे.

फिशरला आणणारे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड पुढे लुइझियाना स्टेटला गेले आणि त्यांनी २०२१ मध्ये नोत्र दामहून ब्रायन केलीला आणलं. दहा वर्षं, साडेनऊ कोटी डॉलर. ऑक्टोबर २०२५ मध्ये केलीला काढलं तेव्हा सुमारे पाच कोटी चाळीस लाख देणं उरलं होतं. मग राज्याच्या गव्हर्नरने जाहीर सांगितलं की पुढचा कोच वुडवर्ड निवडणार नाहीत, आणि दोन दिवसांत वुडवर्डही गेले. विद्यापीठाने यातून धडा घेतला. पुढचा करार दहाऐवजी सातच वर्षांचा केला, वर्षाला एक कोटी तीस लाखांच्या आसपास.

आता उमेदवार. हे स्थळं बघण्यासारखंच आहे: मुलाने होकार दिलेला नाही, त्याला अजून विचारलेलंही नाही, पण इकडे मांडवाचा रंग ठरलाय. यादीत एनएफएल या व्यावसायिक लीगमधलं एक बडं नाव हवंच. टेनेसीच्या लोकांनी जॉन ग्रूडनची वाट वर्षानुवर्षं पाहिली. तो आला नाही, अफवा मात्र प्रत्येक वेळी आल्या. नॉर्थ कॅरोलायनाकडे तर बिल बेलिचिक खरोखरच आला, सहा सुपर बोल, म्हणजे एनएफएलची विजेतेपदं, जिंकलेला. २०२५ चा पहिला सामना ४८–१४ असा हरला, मोसम चार विजय आणि आठ पराभवांवर संपला. मोठ्या नावाचा हा धोका लक्षात असू द्या: ते येऊ शकतं.

बायोडेटा तपासायच्या फंदात पडू नका, त्यासाठी भरपूर फी घेणाऱ्या शोधसंस्था असतात. नोत्र दामने डिसेंबर २००१ मध्ये जॉर्ज ओलिअरीला नेमलं आणि पाच दिवसांत त्याला राजीनामा द्यावा लागला, कारण न केलेली एमएची पदवी आणि न खेळलेलं कॉलेज फुटबॉल दोन्ही कागदावर होतं.

शोध सुरू झाला की विमानं बघायची. विद्यापीठाच्या एखाद्या देणगीदाराच्या खासगी जेटचा शेपटीवरचा क्रमांक मिळवा, उड्डाणं दाखवणारं ॲप उघडा आणि ते कोणत्या गावात उतरलं ते जाहीर करा. चूक बहुधा इथे होते: कोच लोक वर्षभर शाळकरी पोरांच्या घरी याच विमानांनी जातात, आणि कधी कधी आत नुसता देणगीदार असतो, तोही नातवंडांना भेटायला निघालेला. तरी नाद सोडू नका. २००३ मध्ये ऑबर्नचे अध्यक्ष आणि क्रीडा संचालक अलाबामाविरुद्धच्या सामन्याच्या दोन दिवस आधी लुइव्हिलच्या कोचला गुपचूप भेटायला उडाले होते, स्वतःच्या कोचला न कळवता. त्या कोचने, टॉमी टबरव्हिलने, सामना जिंकला. भेट फुटली, खुर्ची त्याच्याकडेच राहिली आणि पुढच्या मोसमात तो तेराच्या तेरा सामने जिंकला.

नकार ऐकताना शब्द नीट ऐका. डिसेंबर २००६ मध्ये निक सेबनने सांगितलं की आपण अलाबामाचे कोच होणार नाही. ३ जानेवारीला तो अलाबामाचा कोच होता. लिंकन रायली २०२१ मध्ये म्हणाला, मी लुइझियाना स्टेटचा पुढचा कोच नाही. अगदी खरं बोलला. दुसऱ्या दिवशी तो सदर्न कॅलिफोर्नियाचा झाला.

नेमणूक आवडली नाही तर उठाव करता येतो. २६ नोव्हेंबर २०१७ ला टेनेसीने ग्रेग शियानोला घेतल्याची बातमी दुपारी फुटली आणि चाहत्यांच्या संतापापुढे रात्र व्हायच्या आत व्यवहार मोडला. पाच दिवसांत क्रीडा संचालकही गेले. लोकांनी विजय साजरा केला आणि त्यांना जेरेमी प्रुइट मिळाला. तीन मोसमांत १६ विजय, १९ पराभव, मग हकालपट्टी, आणि २०२३ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने दोनशेहून अधिक नियमभंगांसाठी विद्यापीठाला ऐंशी लाख डॉलरच्या वर दंड ठोठावला. शियानो आता रटगर्स विद्यापीठाचा कोच आहे, म्हणजे आपल्या एडिसनच्या शेजारी, पिस्कॅटवेला. तिथल्या मराठी मंडळींनी त्याच्यावरही मत तयार ठेवावं.

खेळाडूंबद्दल बोलणं आणखी सोपं. खेळाडूंना गुण देणाऱ्या संकेतस्थळांवर सतरा वर्षांच्या मुलाला किती तारे मिळालेत ते बघा आणि त्याचं आयुष्य ठरवून टाका. छापील उंचीतून एक-दोन इंच वजा करावे लागतात आणि चाळीस यार्डांच्या धावेची वेळ हातातल्या स्टॉपवॉचवर घेतली की दोन-दशांश सेकंद सहज गळतात, हे ज्ञान फक्त प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूला लावायचं. तो मुलगा तुमच्याकडे येणार असेल तर ‘पायात वीज आहे’. ऐन वेळी तुम्हाला नाही म्हणाला तर ‘तसाही तो मऊच होता’.

चेंडू विरोधकाच्या हातात गेला की दोष तो फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा. झेलणारा रिसीव्हर चुकीच्या दिशेला वळला असेल, किंवा क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या भिंतीतला डावीकडचा गडी आधीच आडवा झाला असेल. पण टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, म्हणून हे दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते घडलेलं नसतं. दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक मात्र नेहमी उत्तम. तो अजून खेळलेला नाही. किक हुकली तर किकर. चेंडू मागे फेकणारा, तो जमिनीवर धरणारा आणि मारणारा असे तिघे मिळून सव्वा-दीड सेकंदात हे काम उरकतात, पण तीन नावं पाठ करायला वेळ कुणाला आहे?

जाहिरात-कराराचे पैसे घ्यायला जुलै २०२१ पासून परवानगी मिळाली, तेव्हापासून पोरं लोभी झाली, असं म्हणत चला. २०२५ पासून विद्यापीठ स्वतःही त्यांना देऊ शकतं: पहिल्या वर्षी सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून कमाल सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. एकट्या फिशरच्या निरोपात याची साडेतीन वर्षं सहज निघाली असती, पण तो हिशेब मांडणं असभ्यपणाचं ठरेल. तसंच निष्ठेचं. खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, गेला की गद्दार. कोच लेन किफिन नोव्हेंबर २०२५ मध्ये अकरा सामने जिंकलेला मिसिसिपीचा संघ प्लेऑफच्या, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीच्या, तोंडावर सोडून लुइझियाना स्टेटला गेला, तो करिअरचा निर्णय.

एकच अडचण येते. कधी कधी भलताच माणूस जिंकतो. क्लेमसनने २००८ मध्ये रिसीव्हर शिकवणारा एक सहायक, डॅबो स्विनी, हंगामी कोच म्हणून बसवला आणि मग ठेवूनच घेतला. २०१० मध्ये सातवा पराभव झाल्यावर लोक ज्याला घालवायला निघाले होते, त्याच स्विनीने २०१६ आणि २०१८ ची राष्ट्रीय विजेतेपदं आणली. इंडियानाने २०२३ च्या अखेरीला बासष्ट वर्षांचा कर्ट सिग्नेटी घेतला, तेव्हा बाहेर फारशी कुणी मान वर केली नाही. पुढच्याच मोसमात तीन विजयांचा संघ अकरावर गेला. अशा वेळी ‘मी तर पहिल्या दिवसापासून सांगत होतो’ एवढं म्हणायचं. जुनं कोणी उकरून काढलंच, तर किकरचा विषय काढा.