उंचीइतकाच तळमजलाही महत्त्वाचा
केवळ निवासी असलेल्या पट्ट्यात तळाशी दुकाने आणि वर आठ-दहा मजले घरे बांधू द्यावीत, या आपण छापलेल्या लेखातील मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराने २०१६ मध्ये बहुतांश निवासी जमिनीवर अधिक दाट बांधकामास मुभा दिल्यानंतर तेथील घरबांधणीला मोठा वेग आला. मात्र झोन, म्हणजे जमिनीच्या वापराचा ठरवलेला प्रकार, बदलताच, एक वीटही न रचता, जमिनीचा भाव चढतो आणि तो लाभ मालकाच्या पदरात पडतो, म्हणून काही घरे परवडणाऱ्या दरात देण्याची अट मंजुरीपूर्वीच घालावी. रस्त्यालगत दुकानांऐवजी पार्किंगची सलग भिंत आली, तर पादचाऱ्याला दुकाने-घरे एकत्र असण्याच्या या मिश्र वापराचा काहीच उपयोग नाही. जुन्या मलवाहिन्यांची क्षमताही आधीच तपासावी.