पहिल्या पानावर जागा कोणाची?

नमस्कार,

रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देणाऱ्या एका संस्थेची वेबसाइट नव्याने कशी केली, त्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संस्थेने हा पैसा खाटा आणि व्हीलचेअर घेण्यात घालायला हवा होता, संस्थापकांचं मनोगत आणि कार्यक्रमांचे फोटो पहिल्या पानावरून काढले, हा त्यांच्या कष्टांचा अनादर आहे, नवं पान ओकंबोकं दिसतं, आणि तुम्ही जपून ठेवलेल्या जुन्या अहवालांच्या लिंक आता उघडत नाहीत.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचं पूर्णपणे बरोबर आहे आणि चूक माझी आहे. हाती असलेले अहवाल सगळेच्या सगळे नव्या साइटवर आणले, पण त्यांचे पत्ते बदलले. जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, मी मुख्य पानांपुरतीच केली. अहवालांच्या पीडीएफ राहून गेल्या. हे लहानसहान नाही. देणगीदारांच्या फायलींमध्ये, दुसऱ्या संस्थांच्या साइटवर, कुणाच्या तरी जुन्या ईमेलमध्ये तेच पत्ते पडलेले असतात. तिथून येणाऱ्याला '४०४, पान सापडत नाही' एवढंच दिसलं, तर संस्थाच बंद पडली असं त्याला वाटू शकतं. तुमची प्रतिक्रिया वाचून मी सर्व्हरच्या नोंदींमधून न उघडलेले पत्ते काढले, इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरच्या जुन्या प्रतींशी ताडून पाहिले आणि एकेक करून जोडले. तुम्ही दिलेल्या तिन्ही लिंक आता उघडतात.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र माझं मत वेगळं आहे. का ते सांगते.

काम सुरू करण्याआधी मी संस्थेच्या कार्यालयात आलेल्या एका बाईंच्या शेजारी बसले होते. सासऱ्यांना दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं आणि डोक्याकडून वर-खाली होणारी खाट हवी होती. आदल्या रात्री साइटवर काय काय केलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या फोनवर मला पुन्हा करून दाखवलं. वरचे फोटो आपोआप सरकत होते, एकावरची ओळ वाचून होईपर्यंत दुसरा येत होता. फोन नंबर होता, पण एका पोस्टरच्या चित्रात, अगदी तळाला. त्यांनी नंबरवर बोट ठेवलं. काहीच झालं नाही, चित्रातला नंबर लागणार कसा? मग दोन बोटांनी चित्र मोठं करून नंबर डिस्चार्जच्या कागदामागे उतरवून घेतलेला, त्यातला एक आकडा चुकलेला. सगळ्यात ताजी बातमी तीन वर्षांपूर्वीची. त्या मला म्हणाल्या, "मला वाटलं हे आता देत नसतील."

खाट गोदामात होती. तरी त्यांना कार्यालय शोधत यावं लागलं.

म्हणून आता पहिल्या पानावर आधी येतं ते हे: कोणतं साहित्य मिळतं, आज काय शिल्लक आहे, अनामत किती, कोणते कागद आणायचे, कार्यालय केव्हा उघडं असतं. नंबर मजकूर म्हणून टाइप केलेला आहे, बोट ठेवलं की फोन लागतो. जे तुम्हाला ओकंबोकं वाटलं, ती मोकळी जागा मुद्दाम ठेवली आहे. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे डब्ल्यूसीएजी निकष आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्या मधल्या, म्हणजे एए पातळीनुसार बटण किमान २४ बाय २४ पिक्सेलचं हवं. आम्ही ४४ घेतलं, कारण इथे येणाऱ्यांत थरथरत्या हातांची माणसं पुष्कळ. नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५:१ इतका फरक लागतो. जुनी साइट, पिवळ्यावर पांढरी अक्षरं, त्याच्या जवळपासही नव्हती. सरकते फोटो तर फोनमधून काढले तसेच चढवलेले, एकेक चार-पाच एमबीचा. न पाहिलेल्या फोटोंचाही डेटा त्या बाईंचाच जात होता.

संस्थापकांचं मनोगत काढलेलं नाही, 'आमच्याविषयी'मध्ये आहे. आधी ते हस्ताक्षरातल्या पत्राचं स्कॅन होतं. ज्यांना दिसत नाही, त्यांच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यातला एक शब्दही वाचता येत नव्हता. आता पत्राचं चित्र आहेच, खाली पूर्ण मजकूर टाइप केलेला आहे. त्यांचं म्हणणं आता जास्त लोकांपर्यंत पोचेल, असं मला मनापासून वाटतं.

फोटोंबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. त्यातले बरेच फोटो व्हीलचेअर स्वीकारणाऱ्या रुग्णांचे होते: मागे बॅनर, शेजारी देणगीदार, मध्ये खाली पाहणारा माणूस. त्यांना कोणी विचारलं होतं का, याची नोंद कार्यालयात सापडली नाही. आजारपणातला आपला चेहरा नेटवर कायमचा राहावा असं किती जणांना वाटेल? गरज असलेला माणूस त्या क्षणी 'नको' म्हणू शकत नाही, म्हणूनच संस्थेने जास्त जपायला हवं. लेखी संमती असलेले फोटो ठेवले, बाकीचे उतरवले.

आता पैशाचं. डिझाइनवर त्यातला थोडाच भाग गेला. बराचसा मजकूर नीट लिहिण्यात आणि कार्यालयातल्या ताईंना शिकवण्यात गेला. आधी एक ओळ बदलायची तरी एका जुन्या कार्यकर्त्याची वाट पाहावी लागे. डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, तोसुद्धा त्यांच्या खासगी ईमेलवर नोंदवलेला होता आणि तो सोडवून संस्थेच्या नावावर करण्यात कित्येक आठवडे गेले. आता खाट परत आली की ताई स्वतःच वर्डप्रेसमध्ये, म्हणजे साइटवरचा मजकूर बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन शिल्लक आकडा बदलतात.

तुम्ही या संस्थेचे अहवाल इतकी वर्षं जपलेत, म्हणून एक विनंती. २०१० च्या आधीचे दोन अहवाल कार्यालयातही नाहीत आणि वेबॅक मशीनवरही मिळाले नाहीत. तुमच्याकडे त्यांच्या प्रती असतील तर कळवा. स्कॅन करून, मजकुरासकट, त्यांच्या जुन्याच पत्त्यावर लावते.