कुवारबावचं स्टेशन आणि रात्रीची बस

रत्नागिरीत नवा पाहुणा उतरला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो: "तुमचं स्टेशन एवढं गावाबाहेर का हो?" स्टेशन गावाबाहेर कुवारबावला, म्हणून आपणही लगेच सुरात सूर मिळवून रेल्वेला नावं ठेवतो. मला हे पटत नाही.

नकाशा बघा. उत्तरेला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, दक्षिणेला पानवलचा 64 मीटर उंच पूल. कोकण रेल्वेची आखणी ताशी 160 किलोमीटर वेग धरून झाली आणि चढ 150 मीटरला एक मीटर, एवढाच ठेवायचा होता. ही लाइन डोंगरातून खाली समुद्रकाठी मांडवीपर्यंत उतरवायची आणि भाट्याच्या खाडीवरून परत वर चढवायची? शक्यच नव्हतं. सावंतवाडीचं स्टेशनही गावाबाहेर मळगावातच आहे. राजापूरकरांचं स्टेशन तर आपल्यापेक्षा कितीतरी लांब; त्यांनी आपल्यासमोर अंतराचा विषयच काढू नये, आपल्यालाच लाज वाटेल.

शिवाय 1998 साली पूर्ण मार्ग सुरू झाला, त्यानंतर गावच कुवारबावकडे सरकत गेलं. दिवसा पाच-सहा किलोमीटरचं कुणाला काही वाटत नाही.

अडचण वेळेची आहे. कोकणकन्या, तुतारी या मुंबईहून येणाऱ्या गाड्या पहाटे येतात. ठाण्याजवळच्या दिव्याला जाणारी पॅसेंजर पहाटे सुटते आणि परतीची रात्री उशिरा पोचते. दिव्याहून सुमारे तीनशे किलोमीटर बसून आलेल्या माणसाला स्टेशनपासून घरापर्यंतची रिक्षा पॅसेंजरच्या तिकिटापेक्षा महाग पडते! वंदे भारतने येणाऱ्याला त्याचं फारसं काही नाही. पण पॅसेंजरने येतो कोण? डोक्यावर पिशवी, काखेत पोर, अशीच माणसं.

यात रिक्षावाल्यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. वीर स्टेशनच्या पुढे आपल्याकडे येताना सगळी एकेरी लाइन, क्रॉसिंगला गाडी कुठे किती थांबेल सांगता येत नाही. त्यात पावसाळी वेळापत्रक. तो बिचारा अर्धी रात्र जागून एक भाडं मारतो, तो कमी का घेईल?

आता सार्वजनिक बांधकाम खात्याने स्टेशनचा दर्शनी भाग छान करून दिलाय. छानच दिसतो, मीही फोटो काढलाय. पण तेवढ्याच उत्साहाने एक बस का मागितली जात नाही? आपल्याकडे शहर बसही एसटीच चालवते, म्हणजे महापालिका, परिवहन समिती वगैरे भानगडच नाही. पॅसेंजर आली की सुटेल अशी एक बस हवी. घड्याळावर नको, गाडीवर सुटणारी. जे. के. फाइल्स, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, स्टँड. पहाटे तीच उलटी.

"रिकामी धावेल" म्हणणार काही जण. धावेल की, एखाद्या आडवारी. शिमग्याला आणि गणपतीत मात्र तिच्यात उभं राहायला जागा मिळणार नाही.

आमदार-खासदारांना टॅग करणारे इथे बरेच आहेत. या वेळी स्टेशन जवळ आणा म्हणू नका, बस मागा.