नेट जोडून माणूस निघून जातो आणि पासवर्डही त्याच्यासोबत जातो

फायबरचं कनेक्शन घेणं आता तासाभराचं काम झालंय. मुलगा येतो, खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो, भिंतीला डबा लावतो, आपल्याच मोबाईलवर स्पीड टेस्ट काढून दाखवतो आणि पुढच्या घरी पळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या डोक्यावर दिवसाच्या जोडण्यांचं टार्गेट असतं. चुकतो आपण. गॅसची शेगडी जोडायला आलेल्या माणसाला आपण दहा प्रश्न विचारतो, इथे मात्र "चालू झालं ना? मग बास!" पुढे कधी सेटिंग उडालं की घरात कुणालाच काही माहीत नसतं आणि दहा मिनिटांच्या कामासाठी केबलवाल्याची विनवणी करत बसावं लागतं.

म्हणून त्याला चहा देतानाच चार गोष्टी वहीत लिहून घ्या. पीपीपीओईचं, म्हणजे ऑपरेटरकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं, युजरनेम आणि पासवर्ड. व्हीलॅन आयडी, म्हणजे ऑपरेटरच्या जाळ्यात तुमचं नेट कुठल्या वाटेने येतं तो क्रमांक. डब्याच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता आणि तिथला अ‍ॅडमिन पासवर्ड. चौथी गोष्ट सहसा कुणी विचारत नाही, ती म्हणजे ऑप्टिकल पॉवर, म्हणजे तारेतून उजेड, किती येतेय तो आकडा. काही कंपन्यांकडे पीपीपीओई नसतंच, डबा लॉगिनशिवाय थेट डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, आयपी (नेटवरचा पत्ता) घेतो. तसं असेल तर तेवढंच लिहून ठेवा. "ते आम्ही सांगत नाही" असं उत्तर आलं तर कस्टमर केअरला विचारा. आपल्या खात्याचं युजरनेम मागण्यात गैर काही नाही.

आधी त्या आकड्याबद्दल. भिंतीवरच्या डब्याला ओएनयू किंवा ओएनटी म्हणतात. काचेच्या तारेतून येणारा उजेड तो वाचतो आणि किती पोचला ते डीबीएममध्ये सांगतो. हा आकडा ऋण असतो, म्हणजे मायनस १८ हे मायनस २५ पेक्षा चांगलं. मायनस १५ ते मायनस २४ च्या आसपास असेल तर निवांत राहा. साधारण मायनस २७ च्या खाली ओएनयू धापा टाकायला लागतो. दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो, त्यामुळे जोडणीच्या दिवशी मायनस १९ असलेला आकडा पावसाळ्यानंतर मायनस २५ दिसला तर चौथाईच उजेड उरलाय असं समजा. नेट तेव्हाही चालूच असेल, पण तक्रार करायची ती तेव्हाच. पहिला आकडा लिहिलेला असेल तरच "आधी एवढी होती, आता एवढी आहे" असं ठणकावून सांगता येतं.

पॉवर पडते ती बहुधा साध्या कारणांनी. कपाट सरकवताना पॅच कॉर्ड (डब्याला लागणारी फायबरची छोटी तार) चेपली जाते किंवा जास्तीची तार कुणीतरी गुंडाळून खिळ्याला करकचून बांधतं. फायबरला काटकोनी वळण द्यायचं नाही, हातभर गोल वेटोळं सैल सोडायचं. कनेक्टरचा रंगही पाहा. ओएनयूला लागणारा बहुतेक वेळा हिरवा असतो, त्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळ्याचं टोक सरळ असतं. हिरव्याच्या जागी निळा घुसवला तर बसतो, पण टोकं नीट भिडत नाहीत आणि उजेड वाया जातो. टोकावर फुंकर मारू नका, वाफ आणि थुंकीचे कण बसतात. आणि टोक डोळ्यासमोर धरून "उजेड येतोय का" हे तर मुळीच बघू नका. तो लेझर डोळ्याला दिसत नाही.

आता दिवे. एलओएस नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर उजेडच येत नाहीये, घरात काहीही खुडबुड करून उपयोग नाही, लाइनमनच लागणार. पॉनचा, म्हणजे ऑपरेटरशी जोडणी दाखवणारा, हिरवा दिवा लुकलुकत राहिला, स्थिर होईना, तर उजेड आहे पण ऑपरेटरच्या मशीनकडे तुमच्या डब्याची नोंद होत नाहीये. पॉन स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, तर भानगड लॉगिनची. तक्रार नोंदवताना "नेट बंद आहे" म्हणण्याऐवजी "पॉन स्थिर आहे, लॉगिन होत नाही" असं सांगा. समोरच्याचे पुढचे पाच प्रश्न वाचतात आणि "राउटर बंद करून चालू करा" हा मंत्रही बहुधा टळतो.

एक काम मात्र कुणीही करू नये. ओएनयूच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट मारायचं नाही. दहा सेकंद दाबलं की युजरनेम, व्हीलॅन, वायफायचं नाव सगळं पुसलं जातं. बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. तसंच ऑनलाइन नवा ओएनयू मागवला आणि तार खोचली म्हणून नेट येत नाही. डब्याचा सीरियल नंबर ऑपरेटरच्या मशीनमध्ये चढवावा लागतो.

राउटर मात्र खुशाल स्वतःचा घ्या. मी तर म्हणेन घ्याच, कारण फुकट मिळणाऱ्या डब्यांतलं वायफाय बऱ्याचदा यथातथाच असतं. फक्त लॉगिन कोण करणार हे आधी ठरवा. एक रस्ता असा की ओएनयूला ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायचं, म्हणजे तो नेट नुसतं पुढे पाठवतो, आणि लॉगिन तुमच्या राउटरने करायचं. दुसरा असा की लॉगिन ओएनयूकडेच ठेवायचं आणि तुमचा राउटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लावायचा, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो. दोन्ही डब्यांत तेच युजरनेम भरणं हा नेहमीचा घोळ. बहुतेक ऑपरेटर एका खात्याला एकच लॉगिन देतात, पहिला आत गेला की दुसरा दारातच थांबतो.

ब्रिजचा रस्ता धरला तर ओएनयूच्या लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टमधून निघालेली केबल राउटरच्या वॅन (बाहेरून नेट येण्याच्या) पोर्टमध्ये लावा. वॅन बहुधा वेगळ्या रंगाचं असतं. मग मोबाईल राउटरच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका, नेमका पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो. पान उघडत नसेल तर मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर फोन ते पान बाहेरच्या नेटवर शोधत बसतो. वॅनचा प्रकार पीपीपीओई निवडा, युजरनेम-पासवर्ड लहान-मोठी अक्षरं सांभाळून भरा, सर्व्हिस नेम रिकामं ठेवा. एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, १४९२. नेहमीच्या १५०० मधले ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेतं म्हणून १४९२. इथे १५०० राहिलं तर कधीकधी अजब प्रकार होतो, निम्म्या साइट उघडतात, निम्म्या नुसत्या फिरत राहतात आणि ऑफिसचं व्हीपीएन जोडलेलं दिसूनही काम करत नाही.

लॉगिन झालं नाही तर संदेश नीट वाचा. ऑथेंटिकेशन फेल म्हटलं तर सर्व्हर भेटला, त्याने नाकारलं. पासवर्ड चुकलाय, प्लॅन संपलाय किंवा खातं जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (डब्याच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं आहे. शेवटच्या बाबतीत फोन करून मॅक रीसेट करून घ्या, नाहीतर राउटरमध्ये मॅक क्लोनची सोय असते, तिथे जुना मॅक भरा. सर्व्हर प्रतिसादच देत नाही असं आलं तर पासवर्डशी झटापट करू नका. व्हीलॅन चुकलाय, केबल चुकून लॅनमध्ये खोचलीय किंवा ओएनयू ब्रिजमध्ये गेलेलाच नाही. आणि वीज जाऊन आल्यावर लॉगिन अडत असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा. तिकडच्या सर्व्हरला तुमचं जुनं लॉगिन अजून चालूच वाटत असतं.

अ‍ॅक्सेस पॉइंटच्या रस्त्यात मुख्य भानगड पत्त्याची. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ वर बसले तर एकमेकांच्या पायात पाय. राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोडचं बटण असेल तर ते दाबलं की बहुधा सगळं आपोआप होतं. नसेल तर राउटरला १९२.१६८.१.२ द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल लॅनमधून लॅनमध्ये लावा, वॅन रिकामं.

३०० एमबीपीएसचा प्लॅन आणि स्पीड बरोबर ९४-९५ वर अडकलाय? तर ऑपरेटरला शिव्या देण्याआधी केबल आणि पोर्ट पाहा. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. स्वस्त राउटरचं वॅन पोर्टच कित्येकदा १०० चं असतं, खोक्यावर गिगाबिट लिहिलंय का ते घेतानाच बघा.

वायफायबद्दल थोडक्यात. राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा फिशटँकशेजारी नको. घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला हवा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. फ्लॅटमध्ये शेजारपाजारचे पंधरा राउटर ऐकू येत असतील तर ४० ची हाव धरू नका. मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या जाड भिंतींपलीकडे मात्र ५ गिगाहर्ट्झ पोचायचं नाव घेत नाही. तिथे रिपीटरवर पैसे घालवण्यापेक्षा एक केबल ओढून दुसऱ्या खोलीत अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. साधा रिपीटर घेणं आणि देणं एकाच रेडिओवर करतो, वेग निम्म्यावर येतो. पासवर्डची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३ वर, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदललेला.

वीज जाते तिथे १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या, मात्र आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात. ओएनयू आणि राउटर दोघांचे अँपिअर मिळून यूपीएसला झेपले पाहिजेत. वाटेतल्या फायबर स्प्लिटरला (एका तारेतला उजेड अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, म्हणून गल्लीत अंधार असला तरी नेट चालू शकतं. पण बिल्डिंगच्या जिन्यात ऑपरेटरचा स्विच बसवून तिथून घरोघरी लॅन केबल दिली असेल, तर त्या स्विचला बॅकअप आहे का ते विचारा. तो नसेल तर तुमच्या यूपीएसवर नुसते दिवे जळतील.

गावच्या घरी सीसीटीव्ही लावून पुण्या-मुंबईहून बघायचा बेत असेल तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी तपासा. तो १००.६४ ते १००.१२७ यापैकी कशाने सुरू होत असेल तर ऑपरेटरने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायची वाट राउटरमध्ये उघडणं) कितीही केलं तरी बाहेरून आत येता येणार नाही. मग जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा पत्ता, घ्या, किंवा कंपनीच्या क्लाउडवरून अ‍ॅपमध्ये दिसणारा कॅमेरा घ्या. हे कॅमेरा भिंतीला ठोकायच्या आधी बघा.