ड्युरँट आयता मिळाला. आणि इबाका?

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या एखाद्या संघाचा नवा जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंचे सौदे आणि निवड बघणारा माणूस, आल्या आल्या मोडतोड करायला लागला, की त्याच्या बचावासाठी कुणीतरी २००७ मध्ये सिॲटल सुपरसॉनिक्सचा जनरल मॅनेजर झालेल्या सॅम प्रेस्टीचं नाव घेतं. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: प्रेस्टीचं कौतुक नको. त्याला केव्हिन ड्युरँट आयता मिळाला; रे ॲलन आणि रशार्ड लुईसचा चांगला संघ त्याने मोडला; लुईसला तर फुकट घालवलं; पहिल्या हंगामात ८२ पैकी २० सामने जिंकले; आणि हे सगळं सिॲटलमधून ओक्लाहोमा सिटीला संघ हलवणं सोपं जावं म्हणून.

ड्युरँटबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. एनबीएत नवे खेळाडू संघ क्रमाक्रमाने निवडतात आणि हरणाऱ्या संघांमधले वरचे क्रमांक लॉटरीने ठरतात; निवडीचा हा हक्क, म्हणजे ‘निवड’, सौद्यात देता-घेताही येतो. सिॲटल सुपरसॉनिक्सला दुसरा क्रमांक देणारी लॉटरी मे २००७ मध्ये निघाली, प्रेस्टी जूनमध्ये रुजू झाला. पोर्टलंडने ग्रेग ओडेनला घेतल्यावर ड्युरँटचं नाव कुणीही पुकारलं असतं. ते श्रेय काढून टाका. मोजायचं ते उरलेलं.

आता तो ‘चांगला संघ’. २००४-०५ मध्ये सॉनिक्सनी ५२ सामने जिंकले होते, लोकांच्या डोक्यात तोच संघ बसलाय. पुढच्या वर्षी ३५, त्याच्या पुढच्या वर्षी ३१. दुसऱ्या घसरणीचा दोष दुखापतींना देता येईल; पण ३५ विजयांच्या हंगामात ॲलन आणि लुईस दोघेही जवळपास सगळे सामने खेळले होते. मोडण्याआधीच मोडलेला संघ होता तो.

ॲलनच्या सौद्यात मात्र टीकाकारांच्या हाती काहीतरी लागतं. बोस्टनकडून पाचव्या क्रमांकावरचा जेफ ग्रीन, डेलॉन्टे वेस्ट आणि वॉली झर्बियाक आले, ग्रीन कधी तारा झाला नाही, आणि ॲलनने पुढच्याच वर्षी बोस्टनला विजेतेपद मिळवून दिलं. किंमत कमीच मिळाली असं मलाही वाटतं. पण बत्तिशीला टेकलेला, घोट्यांवर शस्त्रक्रिया झालेला नेमबाज १८ वर्षांच्या ड्युरँटची वाट पाहत सिॲटलमध्ये थांबून काय करणार होता? बोस्टनमध्ये त्याच्या शेजारी केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे दोन तारे होते.

लुईसची गोष्ट सगळ्यात उलटी सांगितली जाते. तो करारातून मोकळा झाला होता आणि ऑर्लँडोला निघाला होता. त्याला अडवणं सिॲटलच्या हातात नव्हतं. पण त्या वेळच्या नियमांनुसार सहा वर्षांचा करार फक्त स्वतःचा जुना संघच देऊ शकत असे, बाहेरच्याला पाचच. लुईसला सहावं वर्ष हवं होतं. म्हणून प्रेस्टीने करार करून त्याला ऑर्लँडोकडे पाठवलं आणि बदल्यात दुसऱ्या फेरीची एक निवड, शिवाय सुमारे ९० लाख डॉलरचं ‘ट्रेड एक्सेप्शन’ घेतलं. हे एक्सेप्शन म्हणजे साडी परत केल्यावर दुकानदार देतो ती चिठ्ठी: रोख नाही, पण तेवढ्या किमतीचा माल, इथे तेवढ्या पगाराचा खेळाडू, वर्षभरात उचलता येतो. आठवड्या-दीड आठवड्यात ती वटली. फिनिक्सला लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारांची मर्यादा ओलांडल्याचा दंड, वाचवायचा होता. त्यांनी कर्ट थॉमसचा पगार सिॲटलच्या गळ्यात टाकला आणि तो घ्यावा म्हणून वर पहिल्या फेरीच्या दोन निवडी दिल्या. थॉमसला काही महिने खेळवून सॅन अँटोनियोला दिलं, तिथून पहिल्या फेरीची आणखी एक.

म्हणजे जाणारच होता त्या खेळाडूच्या बदल्यात पहिल्या फेरीच्या तीन निवडी. त्यातल्या दोन फारशा फळल्या नाहीत, हेही सांगायला हवं. तिसरीतून, २००८ मध्ये २४व्या क्रमांकावर, सर्ज इबाका आला, जो पुढे सलग दोन हंगाम लीगमध्ये सामन्यामागे सर्वाधिक ब्लॉक करणारा, म्हणजे समोरच्याचा नेम हवेतच अडवणारा, ठरला.

वीस विजयांचं काय? प्रेस्टीला धरायचंच तर इथे धरा, पण वेगळ्या कारणासाठी. प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमोची नेमणूक त्याची. कार्लेसिमोने सहा फूट नऊ इंचांच्या ड्युरँटला गार्ड म्हणून, सहसा बुटक्या खेळाडूंच्या जागी, खेळवलं, आणि दुसऱ्या हंगामात १३ पैकी १२ सामने हरेपर्यंत तो टिकला. त्याच्या जागी स्कॉट ब्रुक्स आला तेव्हा कुठे ड्युरँट आपल्या जागी गेला. हारल्यामुळे वरच्या निवडी मिळाल्या, कबूल. पण वरची निवड म्हणजे वरचा खेळाडू नव्हे. २००९ मध्ये मेम्फिसने दुसऱ्या क्रमांकावर हशीम थबीट घेतला. तिसऱ्यावर प्रेस्टीने जेम्स हार्डन. त्याआधी २००८ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलेला रसेल वेस्टब्रुक तर कॉलेजात मुख्य पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणारा, हाही नव्हता. विजय २० वरून २३ झाले, मग ५०, आणि २०१२ मध्ये अंतिम फेरी.

राहिला स्थलांतराचा आरोप. संघ २००६ मध्ये क्ले बेनेटच्या गटाने विकत घेतला होता, भांडण की-अरेना या संघाच्या स्टेडियमवरून होतं, आणि जुलै २००८ मध्ये तडजोड झाली ती मालक आणि शहर यांच्यात. हरणारा संघ बेनेटच्या पथ्यावर पडला, हे खरं; सिॲटलकरांचा संताप मला समजतो. पण प्रेस्टीच्या पद्धतीला तेच कारण होतं म्हणाल, तर २०१९ चं काय करणार? तेव्हा संघ ओक्लाहोमा सिटीत स्थिरावला होता, ड्युरँट कधीच निघून गेला होता. प्रेस्टीने पॉल जॉर्ज क्लिपर्सना दिला आणि शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी व पहिल्या फेरीच्या पाच निवडी घेतल्या. २०२१-२२ मध्ये त्यांचे २४ विजय होते. क्लिपर्सच्या त्या निवडींपैकी एकीतून जेलेन विल्यम्स १२व्या क्रमांकावर आला, आणि जून २०२५ मध्ये त्याच्या आणि गिल्जस-अलेक्झांडरच्या संघाने विजेतेपद जिंकलं.