भाणाला भोक पाडून किंमत वाढत नाही

पावसाच्या तोंडावर दर वर्षी एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. यंदा तो मला फोंड्याच्या वहिनीने पाठवला, म्हापशाच्या मावसभावाने पाठवला आणि वाड्याच्या ग्रुपवरही आला. सांगणं असं: घरातली जुनी भाणं (न्हाणीत पाणी तापवायची मोठी तांब्याची भांडी), घंगाळं, मर्तबान (झिलईच्या चिनी बरण्या), दगडी रगडे धूळ खात ठेवू नका. तळाला भोकं पाडा, हवा तर रंग द्या, बागेत मांडा. तांब्या-पितळेला आणि दगडाला पावसाने काही होत नाही, उलट हिरवा थर चढला की वस्तू आणखी जुनी दिसते आणि किंमत दुप्पट होते. शिवाय वस्तू घरचीच, तिला कायदा लागत नाही. या निरोपापायी गोव्यातली चांगली भांडी नासताना मी पाहतो आहे, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी किंमत. जुन्या भांड्याला बाजारात दोन भाव असतात. एक मोडीचा, म्हणजे वजनावरचा. दुसरा नगाचा: घडण, ठोक्यांच्या खुणा, मूळच्या कड्या, काठावर कोरलेलं नाव, आणि भांडं अखंड आहे की नाही, यावर ठरणारा. भोक पडलं की भांडं नगाच्या भावातून मोडीच्या भावात येतं. हे मी स्वतःच्या हाताने करून बसलो आहे. आजीच्या न्हाणीतलं तांब्याचं भाण, एका रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितलं म्हणून, मी ड्रिलने पाच ठिकाणी भोसकलं. काही वर्षांनी एका म्हाताऱ्या तांबटाला दाखवलं. तो म्हणाला, “हे आता भाण नव्हे, पत्रा. द्यायचं तर वजनावर घेईन.” जोड देऊन भोकं बुजवता येतात, पण जोड दिसतो, आणि पारखी माणूस आधी तळच उलटून पाहतो. आम्हाला भाण विकायचं नव्हतं. तरी ते वाक्य अजून टोचतं.

मर्तबानाचंही तेच. चिनी भांड्यांना दिव्याची वायर घालायला तळाशी भोक पाडायची चाल पाश्चात्त्य घरांत होती. आज अशी भांडी लिलावाला येतात तेव्हा ते भोक यादीत दोष म्हणूनच नोंदवतात. त्यात झिलईच्या भांड्याला ड्रिल लावलं की भोकापासून तडा जायची भीती असतेच.

दुसरा मुद्दा: तांब्या-पितळेला काही होत नाही. इथे जरा थांबावं लागेल. स्वच्छ हवेत तांब्यावर हळूहळू चढणारा घट्ट, गुळगुळीत थर धातूला खरोखर जपतो. पण आपल्याकडे समुद्राची खारट हवा आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. मिठातलं क्लोराइड तांब्यात शिरलं की ओलाव्याने त्याचं आम्ल होतं, ते आम्ल पुन्हा तांबं खातं, आणि फिकट हिरवी भुकटी सुटत राहते. बोटाने पुसली की खाली खड्डा दिसतो. लोक कौतुकाने ‘अँटिक रंग’ म्हणतात तो बऱ्याचदा हाच रोग असतो. बागेत आपण त्यावर पोटॅशचं खतही टाकतो, आणि म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडच.

पितळेची गोष्ट आणखी वेगळी. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. १९२१ साली त्याचं कारण समजलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि काडतूस घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण. ठोकून घडवलेल्या घंगाळातही असा ताण राहू शकतो, आणि शेणखत-युरियातून अमोनिया सुटतो. म्हणजे झाड लावलेलं पितळी घंगाळ पावसात ठेवणं म्हणजे तोच तबेला घरी आणणं. झाडालाही सुख नाही. कोळेरोगासाठी पोफळींवर आपण बोर्डो मिश्रण मारतो, त्यातलं बुरशी मारणारं औषध तांबंच असतं. आम्लधर्मी मातीत भांड्याचं तांबं सुटून मुळांशी साठलं तर मुळं खुंटतात.

दगडाला काही होत नाही, हे मात्र अर्धं खरं आहे. काळ्या दगडाचा रगडा अंगणात राहिला तर बिघडत नाही. बिघडतं ते त्याला सिमेंटात बसवल्याने: सिमेंट घट्ट धरतं आणि काढताना दगडाचा कपरा निघतो. जांभ्याच्या कोरीव तुकड्याला ऑइलपेंट फासला तर आत शिरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि रंगासकट पापुद्रे सुटतात.

बागेत जुनी वस्तू ठेवूच नये, असं मी म्हणत नाही. झाड मातीच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी भांड्यात ठेवा, तळाशी दोन विटा घाला, भांडं वसरीच्या (ओसरीच्या) छपराखाली राहू द्या, साचलेलं पाणी उपसा. आधीच गळकं, काठ फाटलेलं घंगाळ असेल तर खुशाल झाड लावा, तिथे गमावण्यासारखं फार उरलेलं नसतं. चिंच-मीठ लावून घासू नका, त्या मिठात तेच क्लोराइड असतं.

राहिला कायदा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू परदेशी नेता येत नाही, तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि दगडी-धातूच्या मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. घर आपलं असलं तरी यातलं काही टळत नाही. गोव्यात गजलक्ष्मीच्या शिळा जागोजागी सापडतात. कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) खणताना अशी शिळा लागली तर तिला कारंज्यात बसवू नका. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. शिळा जिथे सापडली तिथेच राहू द्या, फोटो काढा आणि आधी त्यांना कळवा.